पूर्ण नाव लिहायचं

अर्ज कसा भरायचा हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. अर्जातून काय गाळायचं, हा प्रश्न मात्र ठरावीक लोकांनाच पडतो. ज्याच्या आडनावाला, गावाला, शाळेला, कॉलेजाला कसला वास येत नाही त्याला तो कशाला पडेल? तो खुशाल भरत सुटतो. शाळा इंग्रजी, कॉलेज नामांकित, इंटर्नशिप मामाच्या चेंबरमध्ये. सगळं लिहून झालं तरी जागा उरते, म्हणून खाली छंद लिहितो : ट्रेकिंग आणि शास्त्रीय संगीत. आपलं पोरगं 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यापाशी पेन धरून अर्धा तास बसतं. काय लिहू? कितपत लिहू? हे लिहिलं तर ते काय म्हणतील?

जिंतूर हे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नेमगिरीची जैन लेणी आणि येलदरीचं धरण, एवढीच शहरातल्या लोकांना असली तर त्याची ओळख. तिकडची कायदा शिकलेली पोरंपोरी आता सुप्रीम कोर्टाच्या, हायकोर्टाच्या लॉ क्लर्कच्या जागांसाठी अर्ज करतात. करायलाच पाहिजेत. आणि अर्ज करताना हे विचारतात. कुणी उघड, कुणी आडवळणानं. बीए जिंतूरचं, एलएलबी औरंगाबादची, कॉलेजचं नाव द्यायलाच लागतं का? नुसतं विद्यापीठ लिहिलं तर चालंल ना? एकानं तर सरळच विचारलं, "बामू लिहू का पूर्ण लिहू?"

हा लेख त्या 'बामू'मुळे लिहावा लागतोय. पण आधी लॉ क्लर्क म्हणजे काय ते बघू, कारण त्यावरच अर्धा गोंधळ आहे.

तालुक्याच्या कोर्टात क्लार्क म्हटलं की डोळ्यांपुढं येतो फायलींच्या ढिगाआडून पुढची तारीख सांगणारा कारकून. लॉ क्लर्क हा निराळा प्राणी. तो न्यायाधीशाच्या चेंबरमध्ये बसतो. देशभरातून दाखल झालेल्या याचिका वाचतो, त्यातल्या दोनशे पानांच्या दोन पानं करतो, जुने निवाडे शोधून पुढ्यात ठेवतो, निकालपत्राच्या कच्च्या खर्ड्यासाठी मालमसाला गोळा करतो. न्यायाधीश सकाळी कोर्टात बसतात तेव्हा त्या दिवशीच्या पाचपन्नास प्रकरणांविषयी त्यांच्या डोक्यात जे काही असतं, त्यातलं बरंचसं आदल्या रात्री या पोरांनी लिहिलेल्या टिपणांतून आलेलं असतं. निकाल अर्थातच न्यायाधीशाचा. पण दोनशे पानांतली कुठली दोन पानं वर काढायची हे ठरवणारी नजर क्लर्कची असते. आणि नजर कुठून येते? शाळेतून, वस्तीतून, आईबापाच्या हातावरच्या घट्ट्यांतून येते.

२० मार्च २०१८ आठवा. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. कऱ्हाडच्या सरकारी फार्मसी कॉलेजातल्या एका दलित कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालावरून सुरू झालेलं प्रकरण दिल्लीला गेलं आणि तिथं अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचेच दात काढले गेले. अटकेआधी परवानगी, गुन्ह्याआधी चौकशी. मग २ एप्रिलचा भारत बंद, त्यात माणसं मेली, मग संसदेनं १८-अ कलम घातलं, मग २०१९ मध्ये कोर्टानं स्वतःचेच आदेश मागं घेतले. कायदा पुन्हा होता तिथं आणायला दीड वर्ष आणि रस्त्यावरचं रक्त लागलं. त्या चेंबरांत कोण क्लर्क होते ते मला माहीत असायचं कारण नाही, आणि त्यांच्यावर मी काही ढकलत नाही. पण फिर्याद नोंदवून घ्यायला ठाण्याच्या पायरीवर दिवसभर बसलेला बाप ज्यानं घरात पाहिलाय, असं एखादं पोरगं तिथं टिपण लिहायला असतं, तर 'या कायद्याचा गैरवापर होतो' या वाक्यापुढं त्यानं निदान एक प्रश्नचिन्ह काढलं असतं.

म्हणून ही जागा लहान नाही. पगारानंही लहान नाही : सुप्रीम कोर्टात २०२५ मध्ये महिना ऐंशी हजार होते, नेमणूक मात्र कंत्राटी, थोड्या मुदतीची. २०२४ पासून तिच्यासाठी परीक्षा आहे. पहिला भाग पर्यायी उत्तरांचा, दुसरा लिहिण्याचा, तिसरा मुलाखतीचा. त्याआधी ठरावीक लॉ स्कूलांकडून नावं येत आणि न्यायाधीश आपापल्या पसंतीनं पोरं निवडत. म्हणजे जिंतूरच्या पोराला अशी जागा असते हेच कळायचं नाही. परीक्षा आली हे चांगलं झालं, मोकळेपणानं म्हणू. पण मुलाखतीत समोर तुम्ही नावागावासकट बसता आणि तुमचा कागद टेबलावर असतो. वर्षानुवर्षं दार लावून चाललेल्या खोलीची सवय एका परीक्षेनं जात नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडं आपल्या पोरांचं अजून नीट लक्ष गेलेलं नाही. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की कनिष्ठ न्यायाधीश व्हायचं तर आधी तीन वर्षं वकिली पाहिजे. नुसत्या पदवीवर परीक्षा देता येणार नाही. तीन वर्षं वकिली म्हणजे काय हे तालुक्याला विचारा. सिनियरच्या मागं बॅग घेऊन फिरायचं, सिनियर महिन्याला देईल तेवढं घ्यायचं, बरेचदा काहीच घ्यायचं नाही, आणि खोलीभाडं बापानं गावाकडून पाठवायचं. ज्याच्या घरी दर महिन्याला पैसे पाठवायला कुणी नाही त्यानं काय करायचं? त्याच निकालात एक वाट ठेवलीय : न्यायाधीशाचा लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही त्या तीन वर्षांत धरलं जाईल. ज्याला क्लर्कची जागा मिळाली तो पगार घेत न्यायाधीशपदाकडं चालू लागतो. ज्याला नाही मिळाली तो बॅग उचलतो. निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख होते भूषण गवई, आपले, पहिले बौद्ध सरन्यायाधीश. आपला माणूस खुर्चीत बसला की कायद्याची सगळी वजनं आपोआप आपल्या पारड्यात पडतात असं समजणाऱ्यांनी हेही वाचून ठेवावं.

आता रकान्याकडं येऊ. पोरं लपवू पाहतात ते काय काय? मराठी माध्यमाची जिल्हा परिषदेची शाळा. समाजकल्याणचं वसतिगृह. भारत सरकारची शिष्यवृत्ती. मुक्त विद्यापीठातून केलेली बीए, कारण दिवसा काम होतं. राहिलेला एखादा विषय, एटीकेटी. मधली दोन वर्षं, ज्यात पुण्याला वॉचमनकी केली किंवा आईबापासोबत ऊसतोडीला गेला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज : मिलिंद, आंबेडकर, सिद्धार्थ. आणि विद्यापीठाचं नाव.

हे सगळं एका माळेत ओवू नका. राहिलेला विषय लपवणं वेगळं आणि बाबासाहेबांचं नाव लपवणं वेगळं.

नावाचं आधी. १९७८ च्या २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. ठराव शाईचा होता, त्याची किंमत मराठवाड्यातल्या वस्त्यांनी चुकवली. नांदेड, परभणी जिल्ह्यांत घरं जळली, विहिरींत घाण टाकली गेली, माणसं रातोरात गाव सोडून रानात बसली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेला जिवंत जाळलं. कुठल्या विद्यापीठाच्या पायरीवर त्या माणसानं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. १९७९ चा लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले, लाठ्या पडल्या. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं. तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ ला नाव आलं, तेही पूर्ण नामांतर नव्हे. 'मराठवाडा' शब्द तसाच ठेवून नामविस्तार. सोळा वर्षं. एका पदवीच्या कागदावर कुणाचं नाव छापलं जाईल यासाठी जगात कुठं सोळा वर्षं माणसं मेली असतील तर मला सांगा.

आणि आता त्या कागदाचा मालक विचारतो, बामू लिहू का?

बामू म्हणजे कोण? बामू कुणाचा बाप? या चार अक्षरी इंग्रजी आद्याक्षरांत 'आंबेडकर' एका स्वरात गुंडाळून ठेवलाय, इतका की वाचणाऱ्याला दिसू नये. सवर्ण पोरं बामू म्हणतात, ती त्यांच्या जिभेला ते नाव जड जातं म्हणून. त्यांच्यातली म्हातारी माणसं तर अजून 'मराठवाडा विद्यापीठ' एवढंच म्हणतात, मुद्दाम. त्यांचं मला नवल नाही. आपली पोरं म्हणतात ती सोयीसाठी, हे मान्य. बोलताना म्हणा. पण बायोडाटावर, जिथं प्रत्येक शब्द तुम्ही तोलून लिहिता, तिथं ती सोय राहत नाही. तिथं ती लपाछपी होते. ऑक्सफर्डवाला कधी आद्याक्षरं लिहितो का?

जिंतूरकरांच्या बाबतीत तर इतिहासानं आणखी एक गंमत केलीय, शहरातल्या मित्रांना ती ठाऊक नसेल. नाव आलं १४ जानेवारी १९९४ ला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि परभणी जिल्हा तिकडं गेला. म्हणजे ज्या जिल्ह्याच्या वस्त्यांनी या नावासाठी आगी सोसल्या, तिथल्या कॉलेजांच्या पाटीवर ते नाव टिकलं आठ महिने. स्वामीजींविषयी इथं काही म्हणायचं नाही, निजामाविरुद्ध लढलेला माणूस. पण आज जिंतूरच्या पोराच्या बीएवर बाबासाहेब नाहीत. ते नाव मिळवायचं तर त्याला पुढं औरंगाबादला, आता ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात तिथं, जावं लागतं. गेला, राहिला, शिकला, नाव मिळवलं. आणि अर्जात त्याचं बामू करून टाकलं!

आता दुसरी बाजू. ती आपल्यातलीच आहे आणि मूर्ख नाही. ती म्हणते : भाषणं तुम्ही करा, भाकरी आम्हाला कमवायचीय. मुलाखतीला बसलेला माणूस कॉलेजचं नाव वाचतो, एक सेकंद थांबतो, त्या एका सेकंदात आमचा निकाल लागतो. मग आधी आत शिरू द्या. शिरलो की बोलू. आडनावं बदलून मुंबईत खोली मिळवली की नाही आपल्या लोकांनी? त्यांना गद्दार म्हणाल?

नाही म्हणणार. खोली मिळवायला आडनाव गिळणाऱ्या माणसाला शिवी देण्याचा हक्क, ज्याला खोली मिळालेलीच आहे त्याला नाही. खुद्द बाबासाहेबांनी ते केलंय. १९१७, बडोदा. कोलंबियातून शिकून आलेला माणूस, संस्थानच्या नोकरीत, आणि अख्ख्या शहरात राहायला जागा नाही. हिंदू ठेवून घेत नाहीत. मग पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव लिहून ते राहिले. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय, लपवलेलं नाही. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. सामान बाहेर. दिवस काढला सार्वजनिक बागेत आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई.

त्यातून काय घ्यायचं? मी त्यातून 'लपवणं पाप' असलं काही काढत नाही. रात्रीचं डोकं टेकायला जागा हवी होती, दुसरा इलाज नव्हता. मला त्यात दिसतात ते अकरा दिवस. रोज जिना उतरताना समोरून येणारा माणूस ओळखेल का, ही धास्ती. आता हाच हिशेब चेंबरला लावा. वर्षभर तुम्ही एका न्यायाधीशाच्या शेजारच्या खोलीत बसणार. दुपारचा डबा सोबत खाणार. सोबतची पोरं विचारणार, तू कुठला, कुठल्या बॅचचा. वर्षभर तो जिना उतरायचा? आणि अ‍ॅट्रॉसिटीची याचिका टेबलावर आली की तोंड उघडायचं की झाकायचं, हे कसं ठरवणार? ज्यासाठी आत शिरायचं म्हणता ते बोलणंच लपवण्याच्या नादात बंद होतं. बडोद्यानंतर त्या माणसानं आयुष्यभर आपल्या नावामागं प्रत्येक पदवी लावली. एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. ती काही मिरवायची हौस नव्हती.

आणि तुम्ही लपवणार तरी कुठवर? निर्गम उताऱ्यावर जात आहे. कागदपत्रांच्या पडताळणीत प्रत्येक मार्कमेमो मागतात. अर्जात एक आणि मार्कमेमोवर दुसरं, मग आपल्याच हातानं त्यांना कारण दिलं.

कायद्याच्या पोरांना कायद्याचंही सांगतो. पंजाब नॅशनल बँक विरुद्ध अनित कुमार दास, ३ नोव्हेंबर २०२०. ओडिशातला एक तरुण. बँकेला शिपाई पाहिजे होता, अट होती की उमेदवार पदवीधर नसावा. हा पदवीधर. त्यानं पदवी लपवली आणि बारावी लिहिली. हायकोर्टात जिंकला, सुप्रीम कोर्टात हरला. महत्त्वाची माहिती दडवणाऱ्याला नोकरीवर हक्क सांगता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. काय देश आहे बघा : पोरानं पदवी लपवली ती शिपाई होता यावं म्हणून! पण निकाल निकाल आहे. जास्त शिकल्याचं दडवलं तर ही गत, मग नापास झाल्याचं दडवलं तर काय होईल? म्हणून अर्जात जे विचारलंय ते सगळं, खरं, विचारलंय तसं लिहायचं. एटीकेटी विचारली तर एटीकेटी. कितव्या प्रयत्नात पास ते विचारलं तर तेवढ्या प्रयत्नात. टक्केवारी ५४.८ असेल तर ५५ करायची नाही. अटीत बसत नसलो तर तो अर्ज आपला नाही, पुढचा बघायचा.

इथंच आंदोलनातल्या केसेसचं सांगून टाकतो, शिक्षणाचा विषय नसला तरी. परभणीकडच्या किती पोरांवर गुन्हे आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. अवतार सिंग प्रकरणात, २०१६ साली, सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की गुन्ह्याची माहिती विचारली तर खरी द्यायची. आणि त्याच निकालात हेही म्हटलंय की कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखा किरकोळ प्रकार असेल तर नोकरी देणाऱ्यानं तो माफ करण्याचा विचार करावा. घोषणा देणं हा त्यांना किरकोळ गुन्हा वाटतो, आपल्याला ते जगणं वाटतं. असो, कामाला येणारं वाक्य आहे, पाठ करून ठेवा.

विचारलेलं लिहायचं, हे झालं. न विचारलेलं? तिथं तुमची मर्जी चालते, आणि तिथंच माझं मत आपल्या काही मित्रांना रुचणार नाही. गरिबीची कहाणी लिहू नका. आई शेणी थापायची, बाप सालगडी होता, कंदिलाखाली अभ्यास केला, ही सगळी खरी गोष्ट तुमच्या पुस्तकात लिहा, कवितेत लिहा, आमच्याकडं पाठवा, छापू. अर्जात नको. तिथं ती दयेचा अर्ज होते. वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात आणि तो जागा दुसऱ्याला देतो. ऊसतोडीची दोन वर्षं अर्जात रिकामी दिसत असतील तर एका ओळीत लिहा : या काळात ऊसतोड मजूर म्हणून काम केलं. पूर्णविराम. विशेषण नको, उसासा नको. त्या फडात मुकादमाची उचल, तिचा हिशेब, मजुरी कायद्याचं काय होतं, हे तुम्ही पाहिलंय. कामगार कायद्याच्या प्रश्नावर मुलाखतीत तुमच्याइतकं कोण बोलू शकतो? लाज वाटायची ती वर्षं नव्हेतच, शिक्षणाचीच आहेत ती.

मराठी माध्यमही लपवू नका, पण इंग्रजी कच्चं असेल तर माध्यमाच्या अभिमानाआड ते झाकूही नका. लॉ क्लर्कचं काम इंग्रजीत आहे, निवाडे इंग्रजीत आहेत. भूषण गवई अमरावतीच्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकले, हे ते जाहीरपणे सांगत आले. पण निकालपत्रं इंग्रजीत लिहिली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या.

कॉलेजच्या नावानं मान खाली जाते म्हणणाऱ्यांनी न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांचा परिचय वाचावा. जानेवारी २०२४ मध्ये ते सुप्रीम कोर्टात गेले. शिक्षण याच औरंगाबादच्या विद्यापीठातलं. १९९० ते १९९२ आंबेडकर लॉ कॉलेजात शिकवलेलं. हे सगळं त्यांच्या परिचयात छापलेलं आहे, कुणी गाळलेलं नाही. न्यायाधीशाच्या परिचयात जे कॉलेज शोभतं ते त्याच्या क्लर्कच्या अर्जात का खुपावं?

यावर एक खोचक उत्तर येतं, आणि ते खरं आहे. वराळेंचे आजोबा बाबासाहेबांचे सहकारी, गवईंचे वडील रिपब्लिकन पक्षाचे मोठे पुढारी, पुढं राज्यपाल. त्यांच्या नावामागं घर होतं. जिंतूर तालुक्यातल्या मजुराच्या पोरामागं काय आहे? हो, फरक आहे. आपल्यातही आता वरचा मजला आणि तळमजला झालाय. वरच्या मजल्यावरच्यानं कॉलेजचं नाव लिहिणं सोपं, तळमजल्यावरच्याला ते महाग पडू शकतं. हे नाकारून मी कुणाला शौर्याचे सल्ले देत नाही. माझं म्हणणं एवढंच की ती किंमत एकेकट्या पोरानं अर्ध्या तासाच्या घालमेलीत मोजायची नाही. सगळे जण पूर्ण नाव लिहू लागले तर ते नाव दिसायची सवय त्यांना लागेल. एकटा लिहितो तेव्हा तो वेगळा पडतो.

बाकी जगात हेच झालंय. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पहिला काळा लॉ क्लर्क १९४८ साली आला, विल्यम कोलमन. हार्वर्डला वर्गात पहिला. त्यालाही मोठ्या वकिली कंपन्यांनी दार दाखवलं होतं. त्याच न्यायाधीशानं, फ्रँकफर्टरनं, १९६० मध्ये रूथ गिन्सबर्गला बाई म्हणून नाकारलं. एक दार उघडणाराच दुसरं लावून घेतो. त्याच्या अर्जात काय लिहिलंय यावर ते अवलंबून नव्हतं, वाचणाऱ्याच्या डोळ्यावर होतं.

म्हणून खरा प्रश्न उलटा आहे. लपवतंय कोण? आम्ही शाळा, कॉलेज, वसतिगृह, नापास, पास, सगळं सांगायचं. आणि तुम्ही? २०१८ पासून हायकोर्टाचे न्यायाधीश नेमताना त्यांची सामाजिक पार्श्वभूमी एका नमुन्यात भरून घेतात. त्यावरून सरकारनं मार्च २०२५ मध्ये संसदेत आकडे दिले : ७१५ नेमणुकांत अनुसूचित जातींचे २२, अनुसूचित जमातींचे १६, ओबीसी ८९, अल्पसंख्याक ३७. बाविसाचा हिशेब करा, शंभरात तीन. २०११ च्या जनगणनेत आपण देशात शंभरात साडेसोळा होतो. हे आकडे बाहेर आले कारण कुणीतरी रकाना छापला आणि कुणीतरी सभागृहात विचारलं. जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आपल्या कर्मचारी भरतीत पहिल्यांदा अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षण लावलं. पहिल्यांदा! राज्यघटनेनंतर पंचाहत्तर वर्षांनी. न्यायाधीशांना ते नाही.

आणि लॉ क्लर्कचं? कुठल्या चेंबरमध्ये कुठल्या कॉलेजची पोरं बसतात, त्यांत राष्ट्रीय लॉ स्कूलची किती, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कॉलेजची किती, हे उमेदवाराला कुठं वाचायला मिळतं? उमेदवाराची शैक्षणिक पार्श्वभूमी मागता, मग चेंबरची शैक्षणिक पार्श्वभूमी जाहीर करा.

जिंतूरहून चाळीसेक किलोमीटरवर परभणी. १० डिसेंबर २०२४ ला रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग वस्त्यांत पोलीस, मग धरपकड. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत सोमनाथ सूर्यवंशी मेला. वडार समाजाचा पोरगा, कायदा शिकत होता. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, एवढं सांगायला औरंगाबाद खंडपीठाला ४ जुलै २०२५ उजाडला, आणि सरकार त्याविरुद्धही सुप्रीम कोर्टात गेलं. तिथं ३० जुलैला हरलं. ती याचिका दिल्लीत पोचली तेव्हा तिचंही कुणीतरी दोन पानांचं टिपण केलं असेल. सोमनाथ जगला असता तर उद्या त्या परीक्षेला बसला असता, आणि त्या रकान्यात परभणीचं लॉ कॉलेज लिहिलं असतं.

तेव्हा काम असं करू. मुंबई, पुणे, औरंगाबाद, नांदेडच्या मित्रांनी पुढच्या जाहिरातीच्या वेळी अर्ज एकत्र बसून भरायचे, जिंतूर-सेलू-परभणीच्या पोरांना फोन करून बोलवायचं, इंग्रजी कच्चं असेल त्याच्यासोबत बसायचं. आणि एक अर्ज माहिती अधिकाराचा. १३ नोव्हेंबर २०१९ च्या निकालानं सरन्यायाधीशांचं कार्यालयसुद्धा त्या कायद्याखाली आलेलं आहे, त्यामुळं विचारायला कुणाची परवानगी नको. प्रश्न तीन : २०२४ पासून किती लॉ क्लर्क नेमले; त्यातले परीक्षेतून किती आणि थेट पसंतीनं किती; आणि प्रत्येकाचं कायद्याचं कॉलेज कोणतं, पूर्ण नावानिशी. माणसांची नावं मागायची नाहीत, त्यांच्यावर आपला राग नाही. सुप्रीम कोर्टाचं त्यासाठी ऑनलाइन पोर्टल आहे. फी दहा रुपये.